फुटका कतबा कचरा नव्हे

शबे बरात जवळ आली की गावोगावच्या कब्रस्तानांत साफसफाई सुरू होते. गवत निघते, झुडपे तुटतात आणि त्यांच्याबरोबर कबरींच्या उशाचे फुटके कतबेही कुंपणाकडे टाकले जातात. हेतू वाईट नसतो. पण दगड जागेवरून हलला की कबर निनावी होते.

‘कबर पक्की करायला मनाई आहे, मग फुटक्या दगडाची काळजी कशाला?’ असे काही जण विचारतात. मनाई खरीच आहे. पण हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांच्या कबरीच्या उशाशी प्रेषित (स.) यांनी स्वतः दगड उचलून ठेवला, अशी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. आपल्या भावाची कबर ओळखता यावी आणि घरच्यांना तिच्याजवळ दफन करता यावे, हे कारणही त्यांनी सांगितले. म्हणजे थाट नको, ओळख हवी.

भंडारा जिल्ह्यात ही ओळख जुनी आहे. तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला बख्तबुलंद शाहचा सुभेदार राजाखान पठाण याने सन १७००च्या सुमारास बांधला. एवढ्या जुन्या मुलखात एखाद्या घराण्याचा लेखी पुरावा म्हणून फक्त एक कतबाच उरलेला असू शकतो.

तो जपायला फार खर्च लागत नाही. आधी नोंद करावी. कब्रस्तानाचा साधा नकाशा काढून कबरींना क्रमांक द्यावेत. फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढावा, झिजलेली अक्षरे तेव्हाच उठून दिसतात. दगड पाणी आणि मऊ ब्रशनेच धुवावा. अ‍ॅसिड, तारेचा ब्रश, ऑइलपेंट वापरू नये. तुकडे सिमेंटने जोडू नयेत. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कडक असते, ओल आत कोंडते आणि दगड पुन्हा फुटतो. तुकडे त्याच कबरीपाशी, खडीच्या थरावर, अक्षरे वर करून ठेवावेत. जोडायचेच असतील तर चुन्याचे काम जाणणारा कारागीर बोलवावा.

सन हिजरी असेल तर त्याला ०.९७ने गुणून ६२२ मिळवावेत. हिजरी १३०० म्हणजे साधारण इसवी सन १८८३.

मजकूर अरबी-फारसी असेल आणि वाचता येत नसेल, तर मदत जवळच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने तिथे काम केले. तिथले जाणकार ओला कागद दगडावर ठोकून शाईने अक्षरांचा ठसा घेतात. आपण मात्र हा प्रयोग घरी करू नये, भुगा होत चाललेला दगड तो सोसत नाही.

आणि ज्या कबरींवर अक्षरच उरले नाही, त्यांचे काय? त्या कोणाच्या, हे घरातल्या दादी-नानींना अजून ठाऊक असते. यंदाच्या शबे बरातीला फावडे उचलण्याआधी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा.