विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यासाठी विज्ञान पदवीचे नियोजन : दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे ७ प्रकार मानलेले होते. त्याच्या जागी आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही संख्या २१ वर नेली, तसेच शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील राखीव जागांचे प्रमाण ३ वरून किमान ५ टक्के केले. कायद्याने प्रवेशाचे दार उघडले असले, तरी पूर्णतः दृष्टिबाधित विद्यार्थी विज्ञान शाखेच्या वर्गात क्वचितच आढळतो. ‘तू कला शाखेला जा, तुला ते झेपेल’ हा सल्ला बहुधा मायेपोटीच दिला जातो. परंतु त्यामुळे विद्यार्थ्याच्या आवडीचा विषय त्याच्याशी चर्चा न होताच बाजूला पडतो. असा विद्यार्थी बी. एस्सी. च्या प्रवेशासाठी आला असता विभागाने कोणती आखणी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सूट की पर्याय?

अनेकदा निर्णय महाविद्यालयात येण्यापूर्वीच झालेला असतो. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना दहावीला गणिताऐवजी सातवीच्या स्तराचे अंकगणित घेण्याची सवलत राज्यात दिली जात आली आहे. तिच्यामुळे अनेक मुले शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली, हे मान्य करावयास हवे. मात्र विज्ञानासाठी लागणारी बीजगणित व भूमितीची तयारी त्यामुळे राहून जाते, आणि पुढे काय शिकावे हा प्रश्न पंधराव्या वर्षीच निकालात निघतो.

हीच गोष्ट पदवी स्तरावर प्रात्यक्षिकांच्या बाबतीत घडते. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकातून वगळणे आणि त्याऐवजी तोंडी परीक्षा किंवा लेखी प्रकल्प घेणे प्रशासनाला सोयीचे असते. परंतु हाताने एकही मापन न केलेला पदवीधर पुढील अभ्यासक्रमाच्या व नोकरीच्या दाराशी अडतो. म्हणून सूट हा शेवटचा उपाय असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रयोगाचे उद्दिष्ट तेच ठेवून त्याचा मार्ग बदलणे, म्हणजे पर्याय देणे, हे अधिक कष्टाचे पण न्याय्य आहे.

प्रयोगशाळेतील आखणी

अनुमापनाचे उदाहरण घेऊ. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग गुलाबी होण्याचा क्षण पाहणे हे या प्रयोगाचे साधन आहे. आम्ल व आम्लारी यांच्या प्रमाणाचे गणित समजणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. तीव्र आम्लात तीव्र आम्लारी मिसळत गेल्यास द्रावणाची विद्युतवाहकता अंत्यबिंदूपर्यंत घटते व नंतर वाढू लागते. वाहकतामापीचा हा प्रयोग आपल्या पदवी अभ्यासक्रमांत परिचित आहेच. मापीवरील आकडे ऐकू येण्याची सोय केली, अथवा सहाध्यायाने ते वाचून दाखविले, तरी अंत्यबिंदू शोधण्याचे काम विद्यार्थी स्वतः करू शकतो. आलेख जाड कागदावर उठावदार रेषांनी काढता येतो. बोलणारा तापमापक, दट्ट्यावर खाचा पाडलेली सिरिंज, कडेला टिकल्या चिकटवलेली मोजपट्टी ही साधने फार खर्चाची नाहीत, त्यांतील काही तर प्रयोगशाळा सहायक दुपारभरात तयार करू शकेल.

जेथे डोळ्यांवाचून गत्यंतर नाही, उदाहरणार्थ सूक्ष्मदर्शकाखालील काच, तेथे सहायक घ्यावा. मात्र काय पाहावयाचे, कोणते वर्धन वापरावयाचे व निरीक्षणाचा अर्थ काय, हे विद्यार्थ्याने सांगावे. सहायकाने केवळ दिसले तेवढे वर्णन करावे. गुणदानाच्या तक्त्यात ही विभागणी आधीच नोंदविणे इष्ट. सुरक्षिततेचा आक्षेप येथे नेहमी घेतला जातो. ठरलेली जागा, ठरलेल्या क्रमाने मांडलेल्या बाटल्या आणि पहिल्या आठवड्यात मोकळ्या प्रयोगशाळेची ओळख एवढ्याने तो बराचसा दूर होतो, आणि ही शिस्त इतर विद्यार्थ्यांनाही लाभदायक असते. बालपणीच दृष्टी गमावलेले गीरट व्हर्मे हे शिंपल्यांच्या अभ्यासातील नामवंत जीवशास्त्रज्ञ केवळ स्पर्शाने नमुने ओळखतात, याचेही स्मरण ठेवावे.

गणित व फळ्यावरील भाषा

लेव्ह पोन्त्र्यागिन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली, तरी ते विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांत गणले गेले. अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने गणितासाठी तयार केलेली ब्रेल संकेतपद्धती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे अडचण विषयात नाही, ती आपल्या बोलण्यात आहे. ‘एक्स अधिक वाय भागिले झेड’ असे आपण म्हणतो, तेव्हा झेडने केवळ वायला भागले की संपूर्ण बेरजेला, हे फळा पाहणाऱ्यालाच कळते. ‘हे इकडे घेतले, ते तिकडे गेले’ या वाक्यांचे तर विचारूच नये. ‘अंशस्थानी एक्स अधिक वाय, छेदस्थानी झेड’ अशी सवय लावण्यास खर्च काहीच येत नाही.

वाचनसाहित्याचा प्रश्न याहून जिकिरीचा आहे. एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. परंतु छायाप्रतीच्या स्वरूपातील पाने त्याला वाचता येत नाहीत, आणि चित्र म्हणून चिकटविलेली समीकरणेही नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या मराठी टिपणांचा तर त्यात निरर्थक अक्षरसमूह होतो. विभागाच्या संगणकांत अशी टिपणे किती आहेत, हे प्रत्येकाने पाहावे. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी पुस्तक सुगम स्वरूपात आणण्यास मुभा आहे. तथापि एका पाठ्यपुस्तकाचे रूपांतर होण्यास वेळ लागतो. म्हणून संदर्भग्रंथांची यादी सत्रारंभी नव्हे, तर आधीच्या सत्राच्या मध्यास निश्चित व्हावी.

सत्रे व परीक्षा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतरच्या रचनेत विषयनिवडीस अधिक वाव असून श्रेयांक साठविण्याची सोय आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले जातात. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला तेवढ्याच कामास अधिक वेळ लागणार, हे गृहीत धरून दोन जड प्रयोगशाळा एकाच सत्रात येणार नाहीत, अशी निवड प्रवेशाच्या वेळीच सुचवावी. ही आखणी लेखी असावी, अन्यथा विभागप्रमुख बदलताच ती विस्मृतीत जाते.

परीक्षेबाबत केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ ठरविला. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकाश कुमार यांच्या प्रकरणात लेखनिकाची सोय ४० टक्के अपंगत्वाच्या मर्यादेपुरती बांधून ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. लेखनिकाच्या पात्रतेचे नियम वेळोवेळी बदलत आले असल्याने चालू परिपत्रक पाहूनच नेमणूक करावी. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत मात्र आणखी एक अडचण असते: संकलनाचे चिन्ह अथवा बेंझीनचे वलय ज्याने कधी काढलेले नाही, त्याला विद्यार्थ्याने अचूक सांगूनही ते कागदावर उतरत नाही आणि गुण विद्यार्थ्याचे जातात. यासाठी अंतर्गत चाचणीपासूनच तोच लेखनिक बसवावा, दोघांनी चिन्हांचे उच्चार ठरवून घ्यावेत आणि ती उच्चारसूची परीक्षा विभागाकडे आगाऊ जमा करावी.