हार्ड डिस्क गेली? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी हे वाचा

दिवाळीत पोरांनी जुने व्हिडिओ बघायला म्हणून हार्ड डिस्क कॉम्प्युटरला लावली, तर पडद्यावर प्रश्न आला – डिस्क फॉरमॅट करायची का? धाकटा ‘हो’ दाबणारच होता, मी हात धरला. त्या डिस्कमध्ये ताईचं लग्न, पोरांची जावळं, वास्तुशांत आणि २०१६ च्या हुरड्याला दादांनी म्हटलेली गवळण होती. दादा आता नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठं असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आपल्याकडं बऱ्याच घरांत हीच गत आहे. सगळा ठेवा एकाच डिस्कमध्ये असतो, आणि डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून अनुभवातून शिकलेलं सांगतो.

पहिलं काम, थांबा. फॉरमॅट करू नका, त्या डिस्कवर नवीन काही टाकू नका. फाईल दिसत नाही म्हणजे ती पुसली गेली असं नाही. पुष्कळदा नुसती अनुक्रमणिका बिघडते, पानं जागेवर असतात. पण त्या जागी नवीन काही लिहिलं, की जुनं कायमचं जातं. डिस्कमधून टकटक, खरखर आवाज येत असेल किंवा ती पडली असेल, तर लगेच काढून ठेवा. पुन्हा पुन्हा लावली तर आतली चकती खरवडते. ते काम डेटा काढणाऱ्या जाणकाराचंच.

दुसरं, यादी करा. काय हरवलं हेच माहीत नसेल तर शोधणार काय? आम्ही वहीत वर्षवार लिहिलं – लग्न, बारसं, जत्रा, वर्षश्राद्ध. व्हीएलसी प्लेअरमध्ये अलीकडं उघडलेल्या फायलींची नावं राहतात. त्यावरूनही आठवतं.

तिसरं, डिस्कला हात लावण्याआधी बाहेर शोधा. कॅमेऱ्याची जुनी मेमरी कार्डं, लग्नाच्या डीव्हीडी, फोटोग्राफरकडची प्रत. घरातल्या प्रत्येकाचं जुनं जीमेल खातं उघडून गूगल फोटोज बघा. ३१ मे २०२१ पर्यंत थोड्या कमी दर्जाचे फोटो तिथं फुकटात, कितीही ठेवता यायचे, त्यामुळं बऱ्याच जणांचे फोटो नकळत तिथं पडून आहेत. मात्र दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं, तेव्हा उशीर नको. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये ‘सेंट’ नावाचा उपफोल्डर असतो, तोही बघा. तिथल्या फायलीच्या नावातच तारीख असते.

चौथं, डिस्क आवाज करत नसेल तर ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. बिघडलेल्या डिस्कवर ते काही लिहीत नाही. सापडलेल्या फायली मात्र दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. एक अडचण आहे, जुनी नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. हजारो फोटोंचा ढीग पडतो. फोटोच्या आत काढल्याची तारीख नोंदलेली असते, त्यावरून लावा. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्यांत पसरलेले असतील तर ते अर्धवट येतात.

आमच्या यादीतले २६ कार्यक्रम होते, २१ मिळाले. गवळणीचा व्हिडिओ फोटोरेकमध्ये आला, पण चार सेकंदांत अडकायचा. मग आठवलं, तेव्हा तो ताईला पाठवला होता. तिचा जुना फोन कपाटात बंद पडलेला. दोन तास चार्जिंगला लावला, तेव्हा सुरू झाला. व्हॉट्सॲपच्या फोल्डरात व्हिडिओ होता. चित्र पुसट, पण आवाज स्वच्छ. आई शेवटपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, परत लाव.

आता नियम केलाय. बियाणं सगळं एका कणगीत ठेवत नाही, तसंच हे. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. आमची तिसरी डिस्क ताईकडं असते. दर पाडव्याला ती आणून नवीन फोटो भरतो आणि दोन-चार फायली उघडून बघतो. तुमच्याकडं एकच प्रत असेल, तर आजच दुसरी करा.