‘बिकॉज’ की ‘सिन्स’?

‘का?’ असा थेट प्रश्न आला, तर इंग्रजीत उत्तराची सुरुवात ‘बिकॉज’ने होते. तिथे ‘सिन्स’ किंवा ‘ॲज’ चालत नाही. हे दोन शब्द ऐकणाऱ्याला बहुधा आधीच ठाऊक असलेले कारण सांगतात, म्हणून ते अनेकदा वाक्याच्या आरंभी येतात. अडचण अशी की दोघांनाही काळाचा अर्थ आहे. ‘सिन्स ही लेफ्ट’ म्हणजे तो गेल्यापासून की तो गेला म्हणून? संदर्भाशिवाय कळत नाही. ‘ॲज’ तर त्याहून निसरडा. शंका आली की सरळ ‘बिकॉज’ वापरावा. ‘फॉर’ ग्रांथिक वळणाचा. तो मुख्य विधानानंतरच येतो.

मराठी माणसाची चूक मात्र वेगळीच असते. आपल्या ‘ज्याअर्थी’ला ‘त्याअर्थी’ची जोड लागते. त्या सवयीने ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘सो’ही घातला जातो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरतो. आणि ‘बिकॉज’ने वाक्य सुरू करू नये, हा शाळेतला दंडक खुशाल विसरा, पुढे मुख्य वाक्य असेल, तर ती रचना निर्दोष आहे.