इम्प्लांट बसवताय? मग स्टिकर मागून घ्या

मलकापूरहून एक व्हॉइस नोट आली होती: "दाढ काढून आठ महिने झाले, डॉक्टर म्हणतात इम्प्लांट करा. ते खरंच टिकतं का?" एपिसोड त्यावरच होता, हा त्याचा लिहिलेला भाग. मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. पण घरी बाबांसाठी हाच निर्णय घ्यायचा होता, त्यामुळे दोन-तीन महिने यात डोकं घातलं.

आधी एक घोळ मिटवू. इम्प्लांट म्हणजे नवीन दात नव्हे. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ४ मिलिमीटर जाड, १० मिलिमीटर लांब. त्यावर एक जोडभाग येतो, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि त्यावर कॅप, जी आपल्याला दात म्हणून दिसते. तीन वेगळे पार्ट. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हाडात धातू कसा काय टिकतो? याचा शोध स्वीडनमध्ये १९५२ च्या सुमारास लागला, तोही दातांचा विषय डोक्यात नसताना. ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आतला रक्तपुरवठा बघत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेचना, हाड तिला धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे स्क्रू बसवले. त्या माणसाला ते चाळीसहून जास्त वर्षं पुरले. आजही मोठ्या अभ्यासांत दहा वर्षांनंतर शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर सापडतात. म्हणजे व्हॉइस नोटवाल्या भावाला उत्तर: हो, टिकतं. पण अटी आहेत.

पहिली अट हाडाची. दात गेला की त्या जागेच्या हाडाला काम उरत नाही आणि ते आटायला लागतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. आपल्याकडे मात्र "दाढ गेली त काय झालं, दुसऱ्या बाजूनं चावतो ना" असं म्हणत लोक पाच-सात वर्षं काढतात. मग हाड भरावं लागतं आणि खर्च वाढतो. वरच्या जबड्यात सायनसची पोकळी असते, खालच्यात ओठाला संवेदना देणारी नस. त्या नसेपासून साधारण २ मिलिमीटर अंतर ठेवतात. म्हणून थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, हा फालतू खर्च समजू नका.

दुसरी अट शुगर आणि तंबाखू. शुगर ताब्यात नसेल तर जखम नीट भरत नाही. बाबांना डॉक्टरांनी आधी एचबीए१सी खाली आणायला लावलं, मगच तारीख दिली. मला तो डॉक्टर तिथेच आवडला. बिडी-सिगारेटने इम्प्लांट फेल जायचा धोका वाढतो. आणि गुटख्याचं तर वेगळंच. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पुडी कुठे मिळते ते तुम्हाला माहीतच आहे. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड पुरतं उघडत नाही. मागच्या दाढेला ड्रिल जायलाच जागा नाही, तर इम्प्लांट बसवणार कुठून?

स्क्रू बसल्यावर तीन ते सहा महिने थांबायचं असतं. सुरुवातीची पकड नुसती आट्यांची असते. तीन-चार आठवड्यांनी ती उलट कमी होते, कारण जुनं हाड विरघळत असतं आणि नवीन अजून पक्कं झालेलं नसतं. दुखत नाही म्हणून त्याच बाजूने भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसू नका. आमच्याकडे सध्या हाच टप्पा चालू आहे. बाबांचं रोजचं पालुपद: "पस्तीस हजार देल्ले अन् दात कुठं हाय?" हमीभाव ४,८९२ होता त्या वर्षीच्या हिशोबाने सात क्विंटल सोयाबीन, त्यामुळे त्यांचं बोलणं मी ऐकून घेतो.

आता ज्यासाठी हा एपिसोड केला ते. जुने मोबाइल आठवा. प्रत्येक कंपनीच्या चार्जरची पिन वेगळी. इम्प्लांट अजून त्याच जमान्यात आहेत, टाइप-सी आलेलंच नाही. स्क्रू आणि अबटमेंट जिथे जुळतात तिथला आकार कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो: बाहेर षटकोन, आत षटकोन, नाहीतर शंकू. खोलायचा पेचकसही वेगळा. आणि आतला छोटा स्क्रू ढिला होणं ही नेहमीची तक्रार आहे. पाच मिनिटांचं काम, पण इम्प्लांट कोणत्या कंपनीचा हे माहीत असेल तरच.

चिखली, मेहकर, देऊळगाव राजा अशा ठिकाणी इम्प्लांट बसवणारा डॉक्टर बरेचदा बाहेरून, ठरलेल्या दिवशी येतो. सहा वर्षांनी तो येईल का? तुम्ही तरी गावात असाल का? पुण्यातला डॉक्टर एक्स-रे बघून अंदाज बांधत बसेल. म्हणून प्रत्येक इम्प्लांटच्या डबीसोबत येणारं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी-लांबी आणि लॉट नंबर असतो. डॉक्टर एक स्टिकर स्वतःच्या फाइलला लावतात, दुसरं तुमचं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. "चांगल्या कंपनीचा आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका, नाव विचारा. कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने बसवणार हेही विचारा. स्क्रूवाली पुढे खोलता येते, सिमेंटवाली कधी कधी कापावी लागते.

इम्प्लांटच करायला पाहिजे असं नाही. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच कॅप लागणार असेल तर ब्रिज बरा आणि बहुतेक वेळा स्वस्तही. शेजारचे दात धडधाकट असतील तर ते घासून बारीक करणं मला पटत नाही. काढता येणारी कवळी सगळ्यात स्वस्त, पण हाड आटायचं ती थांबवत नाही. बजेट कमी असेल तर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून घ्या.

आणि हो, टायटॅनियमला कीड लागत नाही म्हणून ब्रश सोडू नका. हिरड्या सुजल्या की स्क्रूभोवतीचं हाड झिजतं. खऱ्या दाताला हाडाशी धरणारे तंतू असतात, इथे ते नसतात, त्यामुळे दुखणं जाणवायच्या आत बरंच नुकसान झालेलं असतं. सहा महिन्यांनी एकदा दाखवायला जा, स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन.