संगीत सेवा निवडताना: आवाज, डेटा, मालकी

- बिटरेट: दर सेकंदाला लागणारा डेटा. ३२० केबीपीएसवर तासाला सुमारे १४४ एमबी, ९६ केबीपीएसवर सुमारे ४३ एमबी. मोबाइल डेटा मोजका असेल, तर फरक इथेच पडतो.
- लॉसलेस: मूळ ध्वनीतले काहीही न गाळता आकार कमी केलेली फाइल. सीडीचा दर्जा: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. अ‍ॅपल म्युझिकवर ही सोय २०२१ पासून.
- पण हेडफोन कोणता? नेहमीच्या ब्लूटूथवरून आवाज पुन्हा संकुचित होतो. लॉसलेसचा पूर्ण लाभ वायर जोडल्यावर.
- मोफत की सशुल्क: मोफत सेवेत सहसा जाहिराती असतात, काही सोयी नसतात.
- डाउनलोड: ही खरेदी नव्हे. वर्गणी संपली की ऑफलाइन गाणी बंद.