बोंड, शेंग आणि अंड्यांची डबी

दवाखान्यातून आणलेली कॅप्सूल घरोघरी माहीत आहे. हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, लहानशी डबी. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र हाच शब्द बियांच्या आणि अंड्यांच्या वेष्टनांसाठी येतो, आणि मुले अर्थ न कळता पाठांतराला लागतात. आम्हाला वाटते, पाठांतराआधी घरातले शब्द मुलांपुढे ठेवावेत. कारण ही विद्या कष्टकऱ्यांच्या तोंडी आधीपासूनच आहे.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातले काठी हे गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या या डोंगरात होळीच्या सुमारास सावर लाल फुलते. पुढे उन्हाळ्यात तिचे फळ पाच फाकांनी तडकते आणि कापसात गुंडाळलेले बी वाऱ्यावर उडते. हे फळ म्हणजे बोंड. कपाशी, तीळ, भेंडी, खसखस यांची फळेही याच प्रकारची. मराठी विश्वकोशानेही 'बोंड' हाच शब्द शास्त्रीय अर्थाने घेतला आहे.

शेंग वेगळी. बोंड दोन किंवा अधिक दले जुळून बनते; शेंग एकाच दलाची असते. तूर, उडीद यांची शेंग वाळली की दोन्ही कडांनी उकलते. विश्वकोशात तिला 'शिंबा' म्हटले आहे. हरभऱ्याच्या शेंगेला शेतकरी 'घाटा' म्हणतो. गंमत अशी, की बाजारातली शेवग्याची शेंग शास्त्राच्या हिशेबाने बोंड ठरते. वाळल्यावर ती तीन फाकांनी उघडते!

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. तिळाचे बोंड टोकाकडून उघडते, म्हणून कापलेल्या पेंढ्या उभ्या रचाव्या लागतात. आडव्या ठेवल्या तर बी मातीत सांडते. घाटेअळी, बोंडअळी ही नावेही फळावरूनच पडली. 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कपाशीचे मोठे नुकसान केले. ही अळी कोवळ्या बोंडात शिरते, मागचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून धडधाकट दिसते. म्हणून संशय आल्यास काही बोंडे फोडून पाहावीत.

आता प्राण्यांकडे वळू. अंड्यांच्या वेष्टनाला इंग्रजी पुस्तकात ऊथेका म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ अंड्यांची पेटी. माता-भगिनींनी ती नक्की पाहिली असेल. घरातल्या मोठ्या तांबूस झुरळाची ती काळपट तपकिरी डबी, जेमतेम 8 मिलिमीटर लांब. एका डबीत साधारण 14 ते 16 अंडी असतात. फवारणीने झुरळे मरतात, पण कठीण कवचामुळे आतली अंडी बहुधा वाचतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा पिल्ले दिसू लागतात. म्हणून कपाटामागच्या, मोरीजवळच्या डब्या शोधून चिरडून टाकाव्यात. प्रार्थनाकीटकही अशीच अंडी घालतो. फेस वाळून फांदीला चिकटल्यासारखी ती पुडी दिसते. तिला मात्र हात लावू नये. त्यातून निघणारी पिल्ले किडे खातात.

'कोष' या शब्दाने मुलांचा घोटाळा होतो. रेशमाच्या कोषात अंडी नसतात. अळीच स्वतःभोवती धागा गुंडाळून आत झोपते. गांडुळाच्या कोषात मात्र अंडी असतात. शब्द एक, आतला जीव निराळ्या अवस्थेतला. परीक्षेत नेमके इथेच गुण जातात.

काठीच्या परिसरातली बरीच मुले घरी भिली बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि पुढे इंग्रजीला सामोरी जातात. अशा मुलाला परका शब्द देण्याआधी शिक्षकांनी व पालकांनी हातात सावरीचे बोंड द्यावे आणि विचारावे, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?" ते जो शब्द सांगेल तो फळ्यावर सर्वांत वर लिहावा. त्याखाली बोंड, त्याखाली कॅप्सूल. मग विज्ञान दुसऱ्याच्या घरचे आहे असे त्या मुलाला वाटणार नाही.