विश्लेषण : कारखान्यातील जनसंपर्काची पहिली परीक्षा कोणती?

टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन... पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात जनसंपर्क क्षेत्रात येणाऱ्या तरुणांना हे काम म्हणजे नव्या गाडीचा गाजावाजा वाटतो. खरा कस लागतो तो अपघात, आग किंवा संपाच्या दिवशी.

सुरुवात कुठून?
१९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला. रेल्वे कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी बातमी दडपली नाही. त्यांनी निवेदन काढले, पत्रकारांना घटनास्थळी नेले. आधुनिक प्रसिद्धीपत्रकाचा उगम तिथेच मानला जातो.

नवोदितांनी काय शिकावे?
शॉपफ्लोअरवर फिरावे, सुरक्षा अधिकारी, कामगार प्रतिनिधी यांच्याशी ओळख ठेवावी. पत्रक नीट मराठीतही लिहावे. जखमींचा आकडा पडताळल्याशिवाय देऊ नये. ‘माहिती घेत आहोत’ हे उत्तर चालते, खोटे चालत नाही. कंपनी सूचिबद्ध असेल तर महत्त्वाची माहिती माध्यमांआधी शेअर बाजाराला कळवावी लागते.

घाई का?
उशीर झाला की व्हॉट्सअॅपवर अफवा पसरतात. आणि त्या वाचणाऱ्यांत रात्रपाळीला गेलेल्या कामगाराच्या घरचेही असतात.